टोमणे

"जाऊबाई, बैठकीतले ते पडदे तुम्ही निवडलेत ना? सर्कशीचा फाटका तंबू आहे नुसता!"

धाकटी जाऊ खाटेच्या कठड्यावर रेलून बोलत होती. हॉस्पिटलात! आजारी माणसाशी!

थोरलीच्या जिभेवर झणझणीत उत्तर तयारच होतं.

"तंबूतला... विदूषक... तू!"

एवढंच बाहेर आलं. बाकीचं घशात अडकून बसलं.

परवा तिच्या पायांतलं बळ गेलं, काल हातांतलं. आज छातीभोवती कुणीतरी ओला गालिचा आवळून गुंडाळलाय, असं तिला वाटत होतं. ओरडावं, तर ओरडायलाही श्वास लागतो! आपल्याच अंगात आपल्याला कोंडून कुणी बाहेरून कडी घालावी, तशी ती पडली होती.

तरुण डॉक्टरांनी तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा पाहिला. "ऑक्सिजन झकास. फुफ्फुसंही स्वच्छ." ते शेजारच्या खाटेकडे वळले.

"आई आज किती शांत आहे," लेक खुशीत म्हणाला. "आराम पडलेला दिसतोय."

आराम! थोरलीनं डोळे वटारले. लेक मोबाइलमध्ये बघत होता.

धाकटीला मात्र चेवच चढला. "आणि तुमचं गाणं? दारात मांजराची शेपटी सापडली की तस्संच ओरडतं!"

"गप... बस..."

"आणि या तुमच्या लाडक्याचं नाक! थेट तुमच्यावर गेलंय. शर्टाचं बटण जसं!"

"जा..."

"काकू, पुरे की!" लेक खेकसला. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. आयुष्यभर छळलं, आता मरतानाही ही बया उरावर!

"आणि तुमच्या माहेरचे सगळे कंजूष!" धाकटी वाकून, अगदी तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली.

माहेर काढलं! थोरलीचे ओठ हलले. शब्द एकही फुटला नाही.

धाकटीनं धावत जाऊन डॉक्टरांची बाहीच पकडली. "यांना श्वास पुरत नाहीये!"

"अहो, ऑक्सिजन तर..."

"आधी यांच्याकडे बघा!"

डॉक्टरांनी एका श्वासात आकडे मोजायला सांगितलं. थोरली दोनवरच थांबली. श्वास घेताना तिचं पोट फुगायच्या ऐवजी आत जात होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मनगटातून रक्त घेऊन तपासलं, तर त्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला.

"फुफ्फुसं ठणठणीत आहेत, पण भाता ओढणारे स्नायूच थकलेत. नसांचा आजार छातीपर्यंत चढलाय. यात ऑक्सिजन सगळ्यात शेवटी घसरतो, म्हणून आम्ही फसलो. स्नायूंना बळ येईपर्यंत आता मशीन श्वास देईल. नसांवरचं औषधही लगेच सुरू करू."

थोरलीला जाग आली तेव्हा तोंडात नळी होती आणि छाती आपोआप वरखाली होत होती. गालिचा सुटला होता. समोर धाकटी, रडून डोळे सुजलेली.

"दर टोमण्याला तुमचा एक शब्द कमी होत होता, जाऊबाई," ती म्हणाली. "मी तेच मोजत होते."