अनवाणी

"चपला बाहेर, सॅन्टन," पडद्यावरची नजर न काढता प्लासिड म्हणाला.

"चर्चमध्ये बूट चालतात, आणि तुझ्या या डब्यापुढे अनवाणी!" सॅन्टनने चपला दाराबाहेर भिरकावल्या. "वेदीला तरी एवढा मान देतोस का रे?"

"धूळ आत गेली की याचा जीव जातो."

प्लासिड माणिकपूरच्या शाळेत गणित शिकवायचा. घराच्या पडवीला भिंती घालून त्याने ही खोली केली होती आणि आत देवासारखा कॉम्प्युटर बसवला होता. तिकडे दिल्लीत पुढारी एकविसाव्या शतकाच्या गप्पा मारत होते, इकडे मुंबईत कामगार कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चे काढत होते. प्लासिड दोन्ही बातम्या सारख्याच आवडीने वाचायचा. शिव्या देतात म्हणजे ओळख पटली, असं म्हणायचा.

गावात मात्र त्या उन्हाळ्यात एकच विषय होता, टँकर. विहिरी उपसून भरलेले टँकर दिवसभर नव्या इमारतींकडे धावत, आणि केळीच्या बागांना खारं पाणी लागू लागलं होतं. ईस्टर झाल्यावर मंत्री येणार होते. विहिरी कोणी मारल्या हे प्लासिडचं यंत्र त्यांना सर्वांसमक्ष दाखवणार, असं सॅन्टनने भर सभेत जाहीर करून टाकलं होतं. आंदोलनाचा पुढारी तोच.

"उत्तर आलं का?" त्याने विचारलं.

"आलंय तसं. अजून एकदा तपासतो."

"किती तपासशील? टँकरवाले चोर हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"या पाण्याच्या हिशेबात टँकर आहेत, तसे आपल्या बागांतले पंपही घातलेत."

"आमचे पंप कशाला?" सॅन्टन मोठ्याने हसला. "सासुरवाडीचा रहाटही घाल की!" मग हसू आवरून त्याने प्लासिडच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ मास्तर, मी शब्द देऊन बसलोय. अख्खा गाव तुझ्या तोंडाकडे बघतोय. तोंडघशी पाडलंस, तर हे लोक तुला इथे राहू देणार नाहीत. मीही मध्ये पडणार नाही."

प्लासिडने मान हलवली.

मंगळवारी संध्याकाळी सारा गाव प्रार्थनेला गेला होता, तेव्हा ते घडलं. घरी परतल्यावर दार उघडताच प्लासिडची बायको क्लारा किंचाळली. पडदा कुदळीने फोडला होता. सगळा हिशेब साठवलेल्या फ्लॉप्या कोयत्याने कापून टाकल्या होत्या. खोलीभर काचांचा सडा पडला होता, आणि त्यातून दारापर्यंत अनवाणी पावलांचे रक्ताळलेले ठसे उमटले होते.

"मेल्यांनी वेळ बरोबर साधली," क्लारा डोळे पुसत शेजारणींना सांगत राहिली. "मी पुढे बायकांत बसले होते, हा मागच्या दाराशी उभा. बिचाऱ्याला बसायलाही जागा मिळाली नव्हती."

त्या दिवशी पहिल्यांदाच माणसं चपला-बूट पायांत घालून त्या खोलीत शिरली. सॅन्टन ठशांपाशी उकिडवा बसला.

"आपल्यात अनवाणी कोण फिरतं? हा खाडीवरचा, टँकरवाल्यांचाच माणूस आहे."

"तसं नक्की सांगता येत नाही," प्लासिड हळूच म्हणाला.

"तुझा चांगुलपणाच तुला नडतो, मास्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर भरताना शत्रुघ्न सापडला. खाडीकाठचा पोरगेला ड्रायव्हर. त्याच्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"पायाला काय झालं रे?"

"कळंबला कालवं काढाया गेलतो. खडकाव कापलं."

"कालवं! मशीन फोडायला कोणी पाठवलं ते सांग!"

"आयशीची आन, मी त्या खोलीत पाय ठेवला नाय. मी पानी वाहतो, मला मशीन काय ठावं?"

पहिली थप्पड सॅन्टनची. मग कोणाची कुठली ते कळेना. त्याला खाली ओढलं, टँकरची काच पहारीने फोडली आणि त्याच काचांवर त्याला चालायला लावलं. तो दोन-चार पावलं चालला आणि पडला. पडल्यावर पहार त्याच्या गुडघ्यावर बसली, मग बरगड्यांवर. कुणीतरी टँकरला आग लावली. बघ्यांत उभ्या असलेल्या प्लासिडकडे शत्रुघ्नची नजर गेली.

"मास्तर, तुमी तरी सांगा यांना!"

प्लासिडचे ओठ हलले. "पुरे करा," तो म्हणाला. पण ते त्याच्या शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

शत्रुघ्न दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. त्याची आई पुतळाबाई पोलीस चौकीच्या पायरीवर बसून राहिली. दुपारी पोलीस सॅन्टनला घेऊन गेले.

प्लासिड जेवला नाही, झोपला नाही. "बूट तरी काढ," क्लारा म्हणाली. "असू दे, घरभर काचा आहेत," तो म्हणाला, आणि तिला पुन्हा रडू आलं.

पवित्र गुरुवारी चर्च खचाखच भरलं होतं. येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुणार होते, त्यासाठी बारा खुर्च्या वेदीपुढे मांडल्या होत्या. अकरा भरल्या. सॅन्टनची रिकामीच राहिली.

फादरांनी बाकांवरून नजर फिरवली. ती एका जागी थांबली.

"गावासाठी ज्याचं सगळं गेलं, त्याने आज इथे बसावं. प्लासिड मास्तर, या."

प्लासिडने मान हलवली. "दुसऱ्या कुणाला घ्या, फादर."

"जा ना," क्लाराने कोपराने ढोसलं. "सगळे बघतायत."

बाकाच्या टोकाला बसलेल्याने पाय आत घेऊन वाट दिली. प्लासिड उठला. जपून, एकेक पाऊल टाकत पुढे गेला. माणूस दुःखाने किती खचलाय, असं मागे कुणीतरी हळहळलं.

तो खुर्चीत बसला. गुडघे टेकून फादरांनी त्याच्या बुटाची नाडी सोडली.

"फादर, नको."

"आज कुणी संकोच करायचा नसतो," फादर मायेने म्हणाले आणि त्यांनी बूट उतरवला. मोजा काही निघेना, तळव्याला घट्ट चिकटून बसला होता. सुटावा म्हणून फादरांनी वरूनच तांब्याभर पाणी ओतलं, आणि खालच्या परातीत लाल पाणी साचू लागलं.