पांढऱ्या पुठ्ठ्यामागचं नाव

या मायबापांनो, जरा पुढे सरकून बसा. आज पूर्वरंग नाही, थेट आख्यान सांगतो. आख्यान रागाचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेतल्या केंब्रिजजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर पिस्तुलाची मॅच होती. तपकिरी पुठ्ठे टिपायचे आणि मधल्या एकुलत्या पांढऱ्याला धक्का लावायचा नाही, कारण तो निरपराध माणूस. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागलं, की झाला स्कोअर. तिथले म्हातारे कोच बापू, त्यांची एक रीत होती. मॅचआधी प्रत्येकाने त्या पांढऱ्या पुठ्ठ्यामागे आपल्या माणसाचं नाव लिहायचं.

परीक्षित नावाचा एक नेमबाज सुसाट सुटला. पांढऱ्याला त्याची एक गोळी लागली, तरीही तो पहिला आला.

"घाई केलीस," बापू म्हणाले.

"कॅल्क्युलेट करूनच केली, बापू! पांढऱ्याला लागली तर दहाच गुण जातात, पण दोन सेकंद वाचतात. वर्थ इट आहे."

त्याची बायको रुचा पुढच्या मॅचसाठी पुठ्ठ्यांची भोकं स्टिकरने बुजवत होती. पांढऱ्याला आधार द्यायला तिने मागे हात घातला आणि वाकून पाहिलं. नवऱ्याच्या अक्षरात तिचंच नाव होतं.

"दहाच का रे माझे?" ती कडाडली. "आणि ते जातील हे नाव लिहितानाच धरून चालला होतास?"

हातातला स्टिकर तिने त्याच्या ट्रॉफीवर थापला. "आता हे बुजव तू!"

तर बाबांनो, घाईचं गणित कधी मांडाल, तेव्हा भागाकाराआधी एकदा त्या रुचाला आठवा.