पुढची चाकं

"दाब," मुलगी गाडीखालून म्हणाली.

"दाबलं," वर सीटवरून आई म्हणाली.

"दिवा?"

"लुकलुकतोय... गेला."

अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या बाबांनी कपाळावर हात मारला. "नीट दाबलंस का? की नुसतं गोंजारलंस?"

"जन्मभर गोंजारतेच आहे," आई म्हणाली. "कुठे काय चालू झालं?"

मुलीला हसू आलं नाही. सकाळपासून ती चिखलात पाठीवर पडून होती. फ्यूज बदलून झाला होता, वायरींची टोकं घासून झाली होती. चारही चाकं जोडायचं बटण दाबलं की गिअरबॉक्सच्या मागे टक असा आवाज यायचा, म्हणजे मोटर शाबूत होती. पण पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचत नव्हती. चढावर मागची दोन चाकं जीव तोडून फिरायची आणि पुढची दोन पाहुण्यांसारखी बसून राहायची.

घर खोलगट जागी होतं. दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत मातीचा उभा चढ, आणि पाऊस पडला की त्यावर पाय ठरत नसे. बाबा छातीच्या दुखण्यातून उठून घरी आले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा दुखलं तर एक क्षण घालवू नका. दाराशी बॅग भरून ठेवली होती. आता गाडीने तेवढा चढ चढायला हवा होता. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला होता. पाऊस त्याची वाट बघणार नव्हता.

बाबांना वाकायला, उचलायला आणि चिडायला बंदी होती. पहिल्या दोन गोष्टी ते पाळत होते.

"मागच्या चाकांना दगड लावलेत का?"

"आणते," आई म्हणाली. कुंपणाजवळचे दोन दगड एकेक करून तिने पोटाशी धरून आणले, चाकांना लावले आणि पुन्हा वर चढून बसली.

"आता इंजिन चालू ठेवा," बाबा म्हणाले. "पुढच्या ॲक्सलवर एक डबी आहे. तिला रबरी नळी येते. इंजिन त्या नळीतून हवा खेचतं, मग डबीतला पडदा सरकतो आणि चाकं जोडली जातात. नळी काढून टोकावर बोट ठेव. बोट खेचलं जातंय का बघ."

मुलीने नळी काढली. "आई, दाब."

वरून काही आलं नाही.

"आई!"

"हो, दाबलं."

"झोपलीस की काय?"

"जरा डोळे मिटले होते."

मुलीने बोट ठेवलं. "नाही खेचत."

"नीट बघ."

"बाबा, बोट माझं आहे."

"मग हवेचा व्हॉल्व्ह गेला. नवा आणावा लागेल."

"आधी नळी बघू. कुठेतरी फुटली असेल."

"तू शिकवणार मला? तू चालायला लागायच्या आधीपासून मी या गाड्या उघडतोय."

"बाबा, तुम्ही चिडू नका. तुमची छाती..."

"माझ्या छातीचं माझ्यावर सोड."

"दोघंही जरा तोंडं मिटा," आई खाली उतरत म्हणाली. "चहा टाकते."

चहा यायला उशीर झाला आणि त्यात साखर नव्हती. बाबांनी कप तसाच खाली ठेवला. "आज तुझंही लक्ष नाही वाटतं."

आई कप उचलून आत गेली.

मुलगी नळी चाचपत इंजिनाच्या बाजूने वर सरकत होती. एका लोखंडी पट्टीमागे नळी वळत होती, आणि तिथे पट्टीला घासून घासून तिला नखाएवढी चीर पडली होती. मुलीने कात्रीने तेवढा भाग कापला, उरलेलं टोक ओढून नळकांड्यावर घट्ट बसवलं, वरून क्लॅम्प आवळला. मग बाहेर येऊन आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबली आणि वर चढली.

"दाब."

"लुकलुकतोय." आई थांबली. "आता पेटलाय. पेटूनच आहे."

मुलीने दगड काढले, गाडी चढावर घेतली आणि वरून वळवून खाली आणली. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

"व्हॉल्व्हच असेल असं मला वाटलंच नव्हतं," ते म्हणाले.

"हो का?" आई म्हणाली.

"आता मला काय व्हायचं ते खुशाल होऊ दे."

मुलीने चिखलाचे कपडे न्हाणीघरात टाकले आणि अंथरुणावर आडवी झाली. बाहेर आई कपडे धूत असल्याचा आवाज तिला झोप लागेपर्यंत येत होता.

रात्रभर पाऊस लागला. उजाडताना आईबाबांच्या खोलीतून बाबांची हाक आली. एकच, दबकी.

मुलगी धावली. पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बॅग उचलली, गाडी दाराला लावली. मागच्या सीटवर बाबांना टेकायला उशी दिली, त्यांच्या खांद्याला टेकून आई बसली. बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि पेटून राहिला. चढावरून पाणी वाहत होतं, पण चारही चाकांनी माती धरली. गाडी एकदाही न घसरता वर आली.

आरशात बाबांचा चेहरा दिसत होता, पांढराफटक, घामाने डबडबलेला.

"बाबा, बोलत राहा."

"तू समोर बघ," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास तिला पुढपर्यंत ऐकू येत होता.

दवाखान्याच्या दारातल्या सिस्टरने बाबांना लगेच ओळखलं. चाकाची खुर्ची ढकलत ती धावत आली आणि तिने गाडीचं मागचं दार उघडलं.

बाबा आपल्या पायांनी खाली उतरले.

"मला नको," ते आईकडे हात करत म्हणाले. "हिला घ्या."

डॉक्टरांनी बराच वेळ आईचं मनगट धरून ठेवलं, मग ते हलकेच चादरीवर ठेवलं आणि बाबांकडे बघून मान हलवली. मुलगी खाटेजवळ गेली. आईच्या नखांत अजून कपडे धुतल्याचा चिखल होता.

"आई, तू पडून राहा," ती म्हणाली. "मी करते सगळं."