टोबिनबाई उठल्या नाहीत

"आज तू उठायचंस," ओरिन फोनवर म्हणाला. "एकदाच. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी कधीही उठेन. त्या माणसासाठी नाही," मर्ना टोबिन म्हणाल्या.

"तो माणूस राष्ट्राध्यक्ष आहे, मर्ना."

"मग तसं वागावं त्याने. निवडून आल्यापासून आमच्यातल्या एकाला तरी साधं कॉफीला बोलावलं का?"

"तुम्ही त्याला एक तरी कायदा करू दिलात का?"

"करण्यासारखा आणू दे की."

बहीणभावाचं हे भांडण दर रविवारी व्हायचं. आज मंगळवार होता आणि ओरिनचा आवाज थकलेला होता.

संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष दोन्ही सभागृहांसमोर बोलणार होते. ते बोलले की त्यांच्या पक्षाचे उजवे बाक उठून टाळ्या वाजवत. खासदार टोबिनबाईंच्या पक्षाचे डावे बाक हाताची घडी घालून बसून राहत. ही उठबस सगळा देश टीव्हीवर बघायचा. आज मात्र नदीकाठच्या गावांचे दवाखाने वाचवण्याबद्दल ते बोलणार होते, टर्नर्स फेरी या टोबिनबाईंच्या गावाचं नाव घेऊन. ओरिनच्या निकामी झालेल्या मूत्रपिंडांचं काम आठवड्यातून तीनदा तिथलं यंत्र करत होतं. पुढचा दवाखाना दोन तासांवर, आणि हिवाळ्यात तो रस्ता बंद.

"तू ढिम्म बसलीस तर तो कशाला वाचवेल आपला दवाखाना? मी त्याच्या जागी असतो तर नसता वाचवला."

"तू त्याच्या जागी असतास तर तुझ्यासाठीही उठले नसते."

ओरिनने फोन आपटला. गळाला लावायची गांडुळं विकायचं त्याचं दुकान होतं. सकाळी त्याच्या कानावर पडलेलं दुपारपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना कळायचं. त्याच्या पोटात काही राहत नसे.

(टोबिनबाई: बसलेल्या.)

टेबलापलीकडे ग्रेटा उभी होती. बाईंचं ऑफिस तीच चालवायची.

"बाई, निदान दवाखान्यापुरतं उठा. टाळ्या नका वाजवू."

"नाही."

"सख्खा भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच नाही."

"समोरचे कसले आहेत ते मला ठाऊक आहे. पुराच्या बंधाऱ्याला आपण उठून टाळ्या वाजवल्या, तर आठवड्याभरात त्यांनीच त्याचा निधी कापला. स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाचा बंधारा. पण इथे माणसाचा जीव आहे, बाई."

"आठवतोय बंधारा," टोबिनबाई म्हणाल्या. त्यांनी ग्रेटाने लिहिलेलं निवेदन ओढून घेतलं. 'आम्ही सहमत नाही' वर काट मारून 'हा माणूस कुणाचंच ऐकत नाही' असं केलं. "फारच आळणी लिहितेस. तिखट घाल."

फोन वाजला. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. "बसते," एवढंच म्हणून ठेवला.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"इतका वेळ?"

"एकटा वाटला बिचारा."

ग्रेटा काय समजायचं ते समजली. पक्षाचे नेते व्हिटलॉक सकाळपासून एकेकाला दम देत होते: जो उठेल, त्याची उमेदवारी गेली.

(करांचा मुद्दा. उजवे बाक उभे. डावे बसलेले.)

(सैनिकांचा मुद्दा. सगळे उभे. टोबिनबाईही.)

(सगळे बसले.)

"टर्नर्स फेरी," राष्ट्राध्यक्ष म्हणाले आणि थांबले. डाव्या बाकांकडे बघत म्हणाले, "या एका गोष्टीला तरी तिकडचं कुणी उठेल?"

कॅमेरा टोबिनबाईंवर आला.

त्यांच्या शेजारचा म्हातारा खासदार अर्धवट उठला. बाईंनी त्याचा कोट धरून त्याला खाली ओढलं.

"आधी ऐकायला शिका, मग आम्हाला उठवा," त्या म्हणाल्या. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

उजवे बाक खवळले. गेल्या महिन्यात याच दवाखान्यांना उधळपट्टी म्हणणारेही ताडकन उठले आणि बाईंच्या तोंडाकडे बघत, त्यांना खिजवत टाळ्या पिटत राहिले. त्या संध्याकाळी इतक्या टाळ्या दुसऱ्या कशालाच पडल्या नाहीत.

(उजवे बाक उभे. अजून उभे. अजून.)

(टोबिनबाई: बसलेल्या.)

बाहेरच्या लांब बोळात बाईंनी फोन उघडला. ओरिनचा निरोप होता: 'मला बहीण नाही.' त्यांनी तो पुन्हा वाचला. फोन पर्समध्ये टाकताना पर्सचं तोंड त्यांना पटकन सापडेना.

ग्रेटा दोन पावलं मागून चालत होती. रोज ती बाईंचा ओव्हरकोट घ्यायची, आज घेतला नव्हता.

"उद्या टर्नर्स फेरीचे लोक फोन करतील," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"बाई हट्टी आहेत म्हणून सांग."

"ते त्यांना माहीत आहे. आणखी काय?"

पर्समध्ये फोन वाजायला लागला. बाईंनी काढून बघितला.

"राँग नंबर," त्या म्हणाल्या आणि कानाला लावला.

बोळात आता कुणी नव्हतं. फोनमधला आवाज ग्रेटालाही स्वच्छ ऐकू आला. थोड्या वेळापूर्वी तोच आवाज सगळ्या देशाने ऐकला होता.

"छान बसलात, बाई. माझे सगळे हट्टाला पेटलेत. उद्या पेपरात मला आणखी चार शिव्या घाला, म्हणजे दवाखाना पक्का."