आतली कडी

मास्तरांनी व्हिनेगरच्या बरणीतून अंडं काढलं आणि नळाखाली हलकेच धुतलं. कवच विरघळून गेलं होतं. उरलं होतं ते पातळ पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं. उद्या नववीच्या वर्गाला पेशीचं आवरण शिकवायचं होतं.

लेक येऊन समोर बसली. दवाखान्यातून घरी आल्यापासून ती आपणहून खोलीबाहेर आली ती आज पहिल्यांदा. मास्तर उगाच खाकरले.

तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. तेव्हापासून त्या खोलीची धर्मशाळा झाली होती. आई घटकाघटकाला डोकवायची. मदतीला येऊन राहिलेल्या आत्याला तर निमित्तांचा तोटा नव्हता. कधी घडी केलेले टॉवेल, कधी चार्जर, आणि टॉवेलासोबत चार उपदेश. पोरीची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं. वेळ लागेल, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

मास्तरांनी अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. पेशीचं खरं आवरण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हा पापुद्रा आपला पोरांना कल्पना यावी म्हणून, असं सांगता सांगता ते वर्गात जाऊन पोचले. कशाला आत घ्यायचं, कशाला दारातूनच परत पाठवायचं, घाण कधी बाहेर टाकायची, सगळा कारभार त्या आवरणाचा.

"आणि तेच काढून टाकलं तर?"

"मग आतलं बाहेर, बाहेरचं आत. पेशी मरते." उत्तर तोंडपाठ होतं.

"बाहेरून कितीही जपलं तरी?"

तिने अंडं बशीत ठेवलं, खोलीत गेली आणि दार लोटलं. ते रोजच्यासारखं हळूहळू पुन्हा अर्धं उघडलं. कडीच्या जागी स्क्रूंची भोकं दिसत होती.

मास्तरांनी हत्यारांच्या डब्यातून कडी शोधून काढली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघाले, तशी बायको आडवी आली.

"काही झालं तर?"

"तर मी स्वतःला कधीच माफ करणार नाही," ते म्हणाले. "पण अशीही ती कुठे जगतेय?"

कडी बसवताना त्यांच्या हातून एक स्क्रू दोनदा खाली पडला. तो लेकीनेच उचलून दिला.

ते बाहेर आले आणि पाठोपाठ आतून कडी लागली. बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला. आत्या हातातले टॉवेल घेऊन होती तिथेच उभी राहिली. आतून काहीच आवाज येत नव्हता. मास्तरांचा हात दोनदा दाराकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. दार वीतभर उघडलं.

"आई, तू ये," ती म्हणाली. "आत्या, टॉवेल नकोत."