तिसऱ्या घंटेनंतर

तिसरी घंटा झाली. पडद्यावरचा म्हातारा नट मेकअपच्या खुर्चीतून उठला नाही. आरशापुढे डोळे मिटून तसाच बसून राहिला. मग चित्र काळं झालं.

"आता तुम्हीच सांगा, काकू," दिग्दर्शक म्हणाला. "हा गेला, की नुसता उठत नाहीये? आमच्यात दोन तट पडलेत. मी तर रोज बाजू बदलतो."

काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. म्हाताऱ्या नटाची भूमिका करणारे काका, त्यांचे यजमान, जाऊन पाच आठवडे झाले होते.

आवाजाचं संकलन करणाऱ्या मुलीने एक बटण सरकवलं. स्टुडिओच्या त्या लहानशा खोलीत श्वास ऐकू येऊ लागला.

"काकांच्या कॉलरला माइक होता. घंटेनंतर सेहेचाळीस सेकंदांत अकरा श्वास आहेत. ठेवले तर नट जिवंत, काढले तर गेला."

"ठेव," काकू लगेच म्हणाल्या. "एकदा गेले तेवढं पुरे. निदान इथे तरी मारू नका यांना. तेवढंच सांगायला आले होते मी."

"ठेवू," दिग्दर्शक म्हणाला.

काकू उठून पडद्याजवळ गेल्या. "पण हे झोपलेले नाहीत हं. झोपले की आऽ वासलेला असायचा. चाळीस वर्षं शिव्या घातल्या मी त्या घोरण्याला." त्या किंचित हसल्या. "याच्यापुढचं नाही का गं? डोळे उघडल्यावरचं?"

"सिनेमात नाही. मूळ शॉटमध्ये आहे."

मुलीने तो लावला. घंटा. अकरा श्वास. मग दिग्दर्शकाचा आवाज, "कट!"

काकांनी एक डोळा उघडला. "काय रे, मेलो का नीट?"

शॉटमध्येच मागे कुणीतरी खो खो हसलं.

"हसता काय? श्वास दिसला असेल तर परत घेऊ. अर्धवट मेलेलं मला चालत नाही."

खोलीत कुणी हसलं नाही.

"मी त्यांना नुसतं बसून राहा म्हटलं होतं," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "मला वाटलं, गंमत करतायत."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"दवाखान्यात मी औषध आणायला खाली गेले होते. वर आले तर नर्स बाहेर उभी." त्यांनी चष्मा परत घातला. "काढ गं तो श्वास."

"काकू, नक्की?"

"यांनी मरणाचं काम केलंय. मन लावून केलंय. यांच्या कामात मी कधी लुडबुड केली नाही, आता कशाला करू?"

मुलीने दिग्दर्शकाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने तुकडा कापला. घंटा झाली, आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही.

काकू दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"काढलेलं टाकून देऊ नकोस हं." त्यांनी पर्समधून आपला जुना फोन काढून पुढे केला. "यात मावतील ना, अकराच्या अकरा?"