सार्जंट भागवतचं मत

हवाई दलाला एक महागडं आणि एक स्वस्त अशा दोन लढाऊ विमानांतून एक निवडायचं होतं; दोन्हींच्या चाचण्या संपल्या. महागडं विमान उडवून आलेल्या विंग कमांडर दामिनी त्या विमानाच्या प्रेमातच पडल्या होत्या, हे देखभालीवरच्या सार्जंट भागवतला ठाऊक होतं. म्हणूनच भर बैठकीत त्यांनी त्याचं मत विचारलं तेव्हा त्याची बोबडी वळली. “तुमच्या भोकरच्या बोलीत सांगा, भागवतराव. मी बी तिकडचीच, उदगीरची हाय,” त्या म्हणाल्या. त्याला धीर आला. “मॅडम, महागडं लई भारी हाय. पण एकदा उतरलं की दोन दिवस उठत न्हाई. स्वस्तातलं दीड तासात पुन्हा उडतंय.” एक अधिकारी हसले. “लढाई दोन दिवस थांबेल का, सर?” दामिनींनी विचारलं. त्यांनी अहवालातली स्वतःची शिफारस खोडली, स्वस्त विमानाचं नाव लिहिलं, भागवतचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं आणि सहीसाठी पेन त्याच्यापुढे धरलं. भागवतने आधी हात पँटला पुसले.